उलट्या आट्यांचा स्क्रू

रविवारी सकाळी ती पोचली तेव्हा बाबा दाराला टेकून उभे नव्हते, दारच बाबांना टेकून उभं होतं. नवा कोरा पल्ला, अजून पॉलिशही न लागलेला. त्याचा भार एका खांद्यावर घेऊन बाबा पायाने खाली लाकडाचा ठोकळा सरकवायची खटपट करत होते.

"बघत काय उभी राहिलीस? पाय लाव त्या ठोकळ्याला."

तिने चपलेसकट पाय लावला. पल्ला जागेवर बसला. बाबा कमरेवर हात ठेवून दोन पावलं मागे सरले आणि त्याच्याकडे वरून खाली बघू लागले.

"हे कुणाचं?"

"तुझं."

"माझ्या घराला दार आहे, बाबा."

"त्याला दार म्हणतात? खोक्याचं झाकण आहे ते. आणि कुलूप असं, की बाहेर कुणी शिंकलं तरी उघडेल. एकटी राहतेस. दार कसं पाहिजे, हात लावणाऱ्याने दोनदा विचार केला पाहिजे."

एकटी राहतेस, हे बाबा तक्रारीच्या सुरात कधीच म्हणत नसत. लांबी इतकी, रुंदी इतकी, मुलगी एकटी, असं मापं सांगितल्यासारखं म्हणत. आई जाऊन पंधरा वर्षं झाली होती. ते एका घरात एकटे आणि ती बसने पाऊण तासावर दुसऱ्या घरात एकटी. ती एका वाचनालयात पुस्तकांची सूची ठेवायचं काम करायची. 'पुस्तकांच्या पाठीवर नंबर घालते' अशी बाबा लोकांना तिची ओळख करून देत, आणि लोक हसले की स्वतः मात्र हसत नसत.

त्यांनी चाळीस वर्षं कुलपं, मुठी आणि बिजागऱ्या बसवल्या. ओळखीपाळखीचे सगळे त्यांना गिरमिट म्हणत. त्याची कारणं दोन. एक म्हणजे, विजेचं मशीन हातात येण्याआधीपासून ते गिरमिटाने भोकं पाडत आले होते, आणि पेन्सिलीच्या ठिपक्याच्या मधोमध त्यांचं टोक शिरणार म्हणजे शिरणारच, अशी त्यांची ख्याती होती. दुसरं म्हणजे, एखाद्या गोष्टीचा छडा लावायचं मनावर घेतलं की ते समोरच्याला असं पोखरत, की तो बिचारा न केलेलंही कबूल करून मोकळा होई.

एकटी ती तेवढी सुटली. तिला त्यांनी कधी पोखरलं नाही.

आठव्या वर्षी तिने रंगाच्या डब्याचं झाकण उचकटायला त्यांची पटाशी घेतली होती. धारेचा टवका उडाला. बाबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर परवडलं असतं. ते दोन दिवस तिच्याशी बोललेच नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी तिला कामाच्या खोलीच्या उंबऱ्याशी उभं करून म्हणाले, "इथे आत यायची सगळ्यांना मुभा आहे. हत्याराला हात लावायची कुणालाही नाही." मग तिचा चेहरा बघून त्यांना राहवलं नसावं. त्यांनी एका फळकुटात एक स्क्रू अर्धा बसवला, तिच्या हातात स्क्रू ड्रायव्हर दिला आणि तिच्या मुठीवर आपली मूठ ठेवली. "घड्याळाचे काटे जातात तसं फिरवलं की घट्ट. त्याच्या उलट फिरवलं की सैल. एवढं आलं की अर्धं जग कळलं."

उरलेल्या अर्ध्या जगाबद्दल ते काही बोलले नाहीत. तिनेही विचारलं नाही.

तर त्या रविवारी तीन भोकं पाडायची होती. मधलं मुठीच्या दांड्याचं, आणि त्याच्या वर-खाली बोल्टची दोन. बाबांनी गुण्या लावून रेघा मारल्या, तीन ठिपके दिले, चष्मा कपाळावर चढवून परत खाली घेतला आणि ड्रिल मशीन उचललं. टोक मधल्या ठिपक्यावर टेकलं. मशीन घरघरलं, पण भोक पाडणारं बिट जागच्या जागीच. बिट पकडणाऱ्या चकाचे तीन दात त्यावरून नुसतेच घसरत होते, किर्र किर्र.

"सैल पडतोय," बाबा म्हणाले. "कालच तर सगळं कसलंय. आतला स्क्रूसुद्धा कसला. दातांत भुसा बसला असेल. माझा तो जुना ब्रश कुठे गेला?"

ब्रश सापडला नाही. स्वयंपाकघरात शोधला, मोरीत शोधला, शेवटी ते वैतागून चपला घालू लागले. "कोपऱ्यावरून नवा आणतो. दूधही आणतो. आलोच. हात लावू नकोस कशाला."

हे शेवटचं वाक्य ते सवयीने म्हणाले. ती त्रेचाळीस वर्षांची होती.

खोलीत ती आणि मशीन दोघंच राहिली. तिच्या मनात जे होतं ते एवढंच होतं: गेल्या हिवाळ्यापासून बाबा खाली बसताना आधी टेबलाच्या कडेला धरत. चहाचा कप ठेवताना तो बशीवर किणकिणे. ते त्याबद्दल बोलत नसत, तीही बोलत नसे. काल कसला म्हणतात, तरी सैल. आता जोर पुरत नसेल त्यांचा, असं तिला वाटलं. वाटलं आणि कणव आली. आल्यावर परत वाकून बसतील, डोळे ताणतील. त्यापेक्षा आपणच करून टाकावं.

तिने चकाची चावी लावून दात पूर्ण उघडले, बिट काढून ठेवलं, मोबाइलचा उजेड आत टाकला. विहिरीच्या तळाशी दिसावा तसा खाली एका स्क्रूचा माथा दिसला. भिंतीवरचा बारीक स्क्रू ड्रायव्हर काढून तिने त्यात बसवला आणि फिरवला, घड्याळाच्या काट्यांसारखा. आधी तो जागचा हलेना. मग दोन्ही हातांनी जोर केला तेव्हा टक् असा आवाज आला आणि तो फिरला. एक फेरा, दोन फेरे, अगदी सहज. बघा, केवढा सैल राहिला होता! तिला इतका आनंद झाला की ती एकटीच हसली. बिट परत बसवलं, चक जेमतेम आवळला, स्क्रू ड्रायव्हर खिळ्यावर अडकवला, आणि बाबांची पावलं वाजली तेव्हा ती खिडकीशी वर्तमानपत्र धरून उभी होती.

मशीन नीट चाललं की सांगू, म्हणजे चिडायला जागा राहणार नाही, असा तिचा बेत होता.

बाबांनी नव्या कोऱ्या दातांच्या ब्रशने चकाचे दात घासले. "याचं नशीब बघ. माणसाच्या तोंडात जायचा, इथे आला." मशीन उलटं धरून थापट्या मारल्या, भुसा झाडला, तेलाचा एक थेंब सोडला. बिट बसवलं आणि चावीने चक कसला. एका भोकात चावी घालून, मग दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. "तिन्हीकडून कसायचं. एकालाच कसलं की बाकीचे दोघे कामचुकारपणा करतात."

मधलं भोक लोण्यातून सुरी जावी तसं आरपार गेलं. बाबांनी हनुवटी किंचित वर केली. ही त्यांची शाबासकी, स्वतःला दिलेली. मग मशीन उलटं फिरवून त्यांनी बिट बाहेर काढलं आणि वरच्या ठिपक्यावर टेकवलं.

बटण दाबताच मशीनने हिसका दिला. टोक ठिपक्यावरून उडालं, लाकडाचा कपचा निघाला, आणि बाबा थांबेपर्यंत भोकाचं तोंड फाटलं होतं.

त्यांनी बिट बोटांत धरून पाहिलं, सरळ होतं. चक मुठीत धरून हलवून पाहिला, घट्ट होता. मग तिच्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "तू हात लावलास का मशीनला?"

"नाही."

प्रश्न पुरता संपलाही नव्हता. हे उत्तर त्रेचाळीस वर्षांच्या बाईने दिलंच नाही. ते उंबऱ्याशी उभ्या असलेल्या आठ वर्षांच्या पोरीने दिलं. आणि नंतर मोठीने तिची बाजू घेतली: आपण तर स्क्रू कसला होता. कसण्याने कधी काही बिघडतं का?

"नाही ना," बाबा म्हणाले. स्वतःशीच.

त्यांनी एक फळकूट घेतलं. ठिपका दिला, भोक पाडलं, उलटं फिरवून बिट काढलं. दुसरा ठिपका दिला. हिसका. तिसरा. हिसका. मग मशीन टेबलावर ठेवून त्यांनी उजवा हात डोळ्यांसमोर धरला, तळवा पाहिला, पालथा करून पाहिला.

"गेला."

"काय गेलं?"

"हात."

"काहीतरीच काय, बाबा. दमलात तुम्ही. चहा टाकते."

"चहाने भोक सरळ पडतं होय?" ते हसले. हसले म्हणून ती निर्धास्त झाली.

संध्याकाळी नेहमीसारखे ते तिला बसच्या थांब्यापर्यंत सोडायला आले. उजवा हात सबंध वाटभर खिशात होता. सांगावं का, असं तिला एकदा वाटलंही. पण बस समोरून येताना दिसली, आणि स्क्रूची गोष्ट काय, पुढच्या रविवारीही सांगता आली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुता धुता बाबा गेले. शेजारणीने फोन केला तेव्हा ती वाचनालयाच्या पायऱ्या चढत होती.

*

भेटायला माणसं आली, आणि माणसांबरोबर गोष्टही आली. ती गोष्ट आत्याची. आत्या बाबांहून चार वर्षांनी मोठी. त्या रविवारी संध्याकाळी, बस सुटल्यावर, बाबांनी तिला फोन केला होता.

"मला म्हणाला, ताई, हात गेला गं माझा," आत्या प्रत्येकाला सांगे. "चाळीस वर्षांत कधी असं बोलला नव्हता. मी म्हटलं, अरे वय झालं, होतं असं. तर म्हणाला, नाही, आता पुरे. आणि सकाळी बघा! त्याला कळलं होतं. आधी हातालाच कळतं. माझा निरोप घेतला त्याने."

ऐकणारे मान हलवत. कारागीर माणूस, हाताला आधी कळणारच. महिन्याभरात ही गोष्ट अशी रुळली की ज्यांनी बाबांना उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं तेही ती सांगू लागले. आत्याला मात्र ती सांगताना दर वेळी थोडं बरं वाटे. भावाने जाण्याआधी आपल्याला सांगितलं, दुसऱ्या कुणाला नाही, हे तिने पदराच्या गाठीसारखं जपलं होतं.

बाबांच्या लेकीलाही ती गोष्ट ऐकून बरंच वाटायचं. हात गेला होता, म्हणजे सगळंच जायला निघालं होतं, म्हणजे कुणाच्या हातात काही नव्हतं. रविवारी ती रिकाम्या घरी जाऊन खिडक्या उघडायची, झाडायची, टेबलावरचं मशीन उचलून त्याखालची धूळ पुसायची आणि ते परत तिथेच ठेवायची. फाटक्या भोकाचा पल्ला भिंतीकडे तोंड करून उभा होता. रविवार सोडून बाकीचे सहा दिवस ती कुणाशी तरी बोलायची. पण घरी आल्यावर किल्ली फिरवताना तिच्या लक्षात येई, की आज दिवसभरात आपण जे काही बोललो ते सगळं पुस्तकांबद्दल होतं.

सात महिने गेले. मग तिच्या घराचं कुलूप एका संध्याकाळी अडकून बसलं. पाऊण तास ती जिन्यात उभी होती. शेवटी वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी खांद्याचा एक धक्का दिला आणि दार उघडलं. "दार कसलं हे," ते म्हणाले, "झाकण आहे नुसतं."

त्या आठवड्यात तिने ठरवलं, बाबांनी केलेलं दार बसवायचं. फाटलेलं भोक लाकडाची खुंटी ठोकून बुजवता येईल आणि त्यावर परत पाडता येईल. दुसऱ्या कुणाला बोलवायचं तिच्या मनात येईना. बाबांचं फाटलेलं भोक परक्या माणसाने बघावं आणि 'हे कुणी केलं' म्हणून हसावं, ही कल्पनाच सोसवेना. आधी फळकुटावर हात बसवू, मग दाराला हात लावू, असं म्हणून तिने तेच फळकूट घेतलं आणि बाबांच्या भोकांशेजारी एक ठिपका दिला.

पहिलं बरं पडलं. दुसऱ्याला हिसका. तिसऱ्याला हिसका.

आपलाही हात गेला की काय, असं म्हणून ती मोठ्याने हसली, आणि रिकाम्या खोलीत ते हसू तिला आवडलं नाही. तिने मशीन आणि फळकूट पिशवीत घातलं आणि वायंडरचं दुकान गाठलं.

*

वायंडर म्हणजे जळलेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून देणारा माणूस. बाबांचं मशीन बिघडलं तर ते फक्त त्याच्याकडे जायचं. दुकान दहा फुटांचं, त्यात व्हार्निशचा वास आणि तांब्याच्या तारेची रिळं, आणि मधोमध टक्कल पडलेला, बनियनवरचा तो.

"गिरमिट्याची पोरगी ना तू? नाक सांगतंय. बस. तुझ्या बापाने माझी कानस नेली ती चार वर्षं दिली नाही, माहीत आहे?"

"शोधते मी, काका. सापडली की आणून देते."

"राहू दे. भांडायला कारण होतं ते. आता कानस घेऊन काय करू?" त्याने मशीन हातात घेतलं. "काय होतंय?"

"हिसका देतंय. माझाच हात बसत नसेल."

"हाताचं नंतर बघू. माणूस आधी हातालाच नावं ठेवतो, कारण तो जवळ असतो. मशीनला विचारायचा कंटाळा."

त्याने एका ठोकळ्यात भोक पाडलं, बिट बाहेर काढलं, चक हलवून पाहिला. "घट्ट वाटतो, नाही? आता बघ." त्याने टोक परत ठोकळ्यात रुतवलं, मशीन क्षणभर उलटं फिरवलं, आणि चक तिच्या बोटांत दिला. चक सैल होता. सबंध चकच मशीनच्या दांड्यावर लुडबुडत होता. "आता सुलटं फिरवलं की हा आधी झटक्याने स्वतः बसणार, मग बिट फिरणार. तोच तुझा हिसका. भोक पाडून झालं की चक घट्ट. म्हणजे तपासायला जाशील तेव्हा साळसूद. उलटं फिरवलं की परत सुटला. लबाड दुखणं आहे. चांगले चांगले फसतात."

"पण चक तर मी नीट कसला होता. तिन्हीकडून."

"ते दात गं. दातांनी बिट धरायचं. चकाला कोण धरणार? त्याला आतला स्क्रू धरतो." त्याने दात उघडून बॅटरी मारली. "हं. हा बघ, दोन आटे वर आलाय."

"सैल झाला?"

"आपोआप? छे. आट्यांवर निळं दिसतंय बघ, वाळलेलं. आटे धरून ठेवायचं औषध. तुझ्या बापाने लावलंय, त्याच्याशिवाय एवढी निगा कोण राखतो. हा आपोआप सुटत नाही. कुणीतरी फिरवलाय. आणि फिरवलाय तो कसायला म्हणून."

तिने विचारलं, "कशावरून?"

"सोडायचा असता तर पुरता काढला असता. दोनच फेरे दिलेत. नवशिका माणूस. घड्याळासारखं फिरवलं की घट्ट, हे सगळ्यांना माहीत. पण याचे आटे उलटे असतात. मशीन उलटं फिरताना चक सुटायला बघतो ना? त्याच वेळी हा आणखी आवळला जावा, म्हणून. सगळे स्क्रू एकीकडे, हा दुसरीकडे. पहिल्यांदा सगळेच चुकतात, मीही चुकलो होतो."

तिने पिशवीतून फळकूट काढलं. का काढलं ते तिलाही सांगता आलं नसतं. वायंडरने ते उजेडाला धरलं.

"ही तुझी, दिसतातच. आणि ही?"

"बाबांची. शेवटच्या दिवसाची. त्यांचा हात..." पुढचं वाक्य इतक्या वेळा ऐकलं होतं की ते तोंडातून आपोआप बाहेर पडायला निघालं, पण ती थांबली.

वायंडरने एका भोकात करंगळी घातली, मग बारीक गुण्या लावला, मग डोळा. "तोंड फाटलंय, ते मशीनने फाडलं. आत बघ. आत कसं गेलंय, ओळंब्याने सोडल्यासारखं. तुझं बघ, आतही तिरकं. हात कापत असता तर आत सरळ गेलंच नसतं. हिसका बसूनसुद्धा याने सावरलंय." त्याने फळकूट तिच्यापुढे ठेवलं. "हा हात ठणठणीत आहे."

आहे, म्हणाला. बाहेर रस्त्यावर कुणी तरी पत्र्याचं शटर ओढलं.

"कुणी हात लावला होता मशीनला?" वायंडरने सहज विचारलं.

"माहीत नाही," ती म्हणाली.

त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं. फळीवरची निळ्या औषधाची बाटली काढून तिच्यासमोर ठेवली. "तूच कर. मी बसतो बघत."

तिने चकात एल आकाराच्या किल्लीचा आखूड भाग पकडून तिन्हीकडून आवळला. वायंडरने लाकडी हातोडा दिला. किल्लीच्या लांब दांड्यावर एक ठोका, दुसरा ठोका, सुलट्या बाजूने. चक मशीनच्या दांड्यावर करकचून बसला. किल्ली काढली, दात उघडले, जुना स्क्रू पुरता काढून आटे पुसले, एक थेंब औषध सोडलं. मग तो स्क्रू परत आत. "आता डावीकडे," वायंडर म्हणाला. तिचं मनगट ऐकेना. पस्तीस वर्षं ज्याला घट्ट म्हणत आली त्याच्या उलट ते वळायला तयार होईना. वायंडर वाट बघत राहिला. शेवटी ते वळलं, आणि स्क्रू बसला.

"उद्यापर्यंत हात लावू नकोस. औषध धरू दे." निघताना तो म्हणाला, "कानस सापडली तर ठेव तुझ्याकडेच."

*

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी ती कामाच्या खोलीत गेली. फळकुटावर बाबांच्या भोकांखाली तीन ठिपके दिले. पाडलं, उलटं फिरवून काढलं, पाडलं, काढलं, पाडलं. हिसका नाही. भोकं तिरकी पडली, पण तोंडं गोल.

बाबांचं स्टूल टेबलाखाली होतं तसंच होतं. ती उभीच राहिली.

तिने पुष्कळ वाचलं होतं. अपराधाबद्दल, क्षमेबद्दल, न सांगितलेल्या गोष्टींबद्दल कपाटंच्या कपाटं तिच्या हाताखालून गेली होती. कुठलं पुस्तक कुठल्या नंबरावर मिळेल हे ती झोपेतही सांगू शकली असती. त्यातलं एकही आता कामाचं नव्हतं. तिला रात्रभर एकच दिसत होतं: खिशातला हात. संध्याकाळभर, आणि नंतर तिला न दिसलेली रात्रभर, बाबांनी स्वतःच्या हाताकडे बघितलं असेल. सगळ्यांना पोखरणाऱ्या माणसाने तिला एकदाच विचारलं, आणि तिचा शब्द खरा मानून हाताला खोटं ठरवलं.

गप्प राहिलं तर कुणाचं काही बिघडणार नव्हतं. वायंडर बोलणारा नव्हता. आत्याची गाठ पदरात सुखरूप राहिली असती. पण पुढेही माणसं म्हणत राहिली असती, गिरमिटाचा हात गेला होता. तो गेला नव्हता.

तिने फोन लावला.

"अगं, तुझीच आठवण काढत होते," आत्या म्हणाली. आत्याला कुणीही फोन केला तरी ती त्याचीच आठवण काढत असायची. "जेवलीस का? आवाज का असा? सर्दी झालीय. तरी सांगत होते, ते थंड पाणी पिऊ नकोस."

"सर्दी नाही, आत्या. बाबांच्या खोलीत आहे मी."

"एकटीच? कशाला बसतेस तिथे एकटी? काल आमच्या खालच्या बाईला सांगत होते मी, माझ्या भावाला आधीच कळलं होतं..."

"आत्या, त्याबद्दलच बोलायचंय."

"बोल ना. थांब, थांब. दूध वर आलं! धर हं, गॅस बंद करून येते. ठेवू नकोस फोन."

फोन ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. मग आत्याची पावलं, भांड्याचा खडखडाट, दुधाला घातलेली एक शिवी. तिने फोन कानाला तसाच धरला. समोर स्टूल होतं, टेबल होतं, टेबलावर मशीन होतं. आणि सात महिन्यांपूर्वी खाली बघत विचारलेला प्रश्न अजून तिथेच होता.

"हो, बाबा," ती म्हणाली. आवाज बारीक आला, म्हणून तिने परत म्हटलं. "हो. लावला होता मी हात."

खोलीत काही झालं नाही. पलीकडे दुधाचं भांडं खाली उतरलं. पावलं परत आली.

"हं, बोल. अर्धं उतू गेलं मेलं. काय म्हणत होतीस?"

"आत्या, त्या दिवशी मशीन मी बिघडवलं होतं. बाबा ब्रश आणायला गेले होते, तेव्हा. मला वाटलं, मी स्क्रू कसतेय, पण तो सुटला. मग त्यांनी मला विचारलं, तू हात लावलास का. मी नाही म्हणाले. खोटं बोलले मी, आत्या. त्यांचा हात गेला नव्हता. शेवटपर्यंत चांगला होता त्यांचा हात."